फायबर, व्हिडिओ की बूजी: ओटीतला एक मंगळवार

मागच्या वर्षी डीपीडीसीच्या (जिल्हा नियोजन समितीच्या) निधीतून आमच्या विभागाला सामान घ्यायची परवानगी मिळाली आणि एचओडी सरांनी एअरवेच्या सामानाची टिपणी लिहायचं काम माझ्याकडे दिलं. म्हणजे कठीण पेशंटला श्वासनलिकेत ट्यूब टाकायला जी काही साधनं लागतात त्यांचा तुलनात्मक तक्ता, कोणतं काय कामाचं, किंमत किती, टिकतं किती, आणि शेवटी शिफारस. आमचं सरकारी मेडिकल कॉलेज विदर्भातलं, मी तिथे भूलतज्ज्ञ आहे. टिपणीत काय लिहायचं ते माझ्या डोक्यात जवळपास पक्कं होतं, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात बघायचं कॅमेरा लावलेलं पातं, जास्तीचे घ्या, बाकी आहे त्यावर भागेल, कारण कागदावरचा पुरावा सगळा तिकडेच झुकतो. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेची 2022 ची मोठी समीक्षा आहे, 222 अभ्यास एकत्र केलेले, तिचा निष्कर्ष स्पष्ट आहे की व्हिडिओने ट्यूब टाकणं फसण्याचं प्रमाण कमी होतं. 2023 मध्ये अमेरिकेत कॅज्युअल्टी आणि आयसीयूतल्या पेशंटवर ट्रायल झाली, तिच्यात पहिल्याच प्रयत्नात ट्यूब गेली असं व्हिडिओने 85 टक्के आणि साध्या लॅरिंगोस्कोपने 71 टक्के. हा फरक लहान नाही. त्यातले बहुतेक ट्यूब टाकणारे रेसिडेंट आणि फेलो होते, म्हणजे आपल्यासारख्याच शिकाऊ लोकांच्या हातातला आकडा आहे तो, म्हणून मला तो जास्त खरा वाटतो.

टिपणी अर्धी लिहून झाली होती आणि मग तो मंगळवार आला.

जे या क्षेत्रातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्ण भूल दिली की पेशंटचा श्वास आपण बंद करतो, स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असतं, तेव्हा त्याच्या वतीने श्वास घ्यायची जबाबदारी आपली. त्यासाठी स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांमधून नळी खाली सोडायची. तोंड उघडून वाकड्या पात्याने जीभ बाजूला करून सरळ डोळ्यांनी बघायचं आणि नळी टाकायची, हे पातं 1943 साली ऑक्सफर्डच्या मॅकिंटॉश यांनी काढलं आणि आजही जगभर तेच वापरतात, आम्ही नुसतं मॅक म्हणतो. बहुतेक पेशंटमध्ये काही अडचण येत नाही. ज्याचं तोंड उघडत नाही, हनुवटी आत आहे, मान वळत नाही, गळ्यात गाठ आहे, त्याच्यात डोळ्यापासून स्वरयंत्रापर्यंत सरळ रेषाच मिळत नाही. तिथे ही सगळी साधनं लागतात, व्हिडिओ, फायबर (कॅमेऱ्याची लवचीक नळी), बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी कांडी), एलएमए (ट्यूब न टाकता घशात बसवून श्वास द्यायचा मास्क), आणि सगळंच फसलं तर मानेतून ब्लेडने वाट.

मंगळवारच्या लिस्टवर पहिला पेशंट डाव्या गालाच्या कॅन्सरचा. वय चाळिशीच्या आतलं, चंद्रपूरकडचा, शाळेत असल्यापासून खर्रा. आमच्याकडे खर्रा काय असतो ते विदर्भाबाहेरच्या लोकांना कदाचित माहीत नसेल, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासून घासून देतात, आणि दिवसभर गालात ठेवतात. महाराष्ट्रात गुटखा 2012 पासून बंद आहे पण सुपारी कुठे बंद आहे, आणि तोंड बंद करते ती मुख्यतः सुपारीच. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली कोलॅजन साचत जातं, पांढरे दोरखंडासारखे पट्टे होतात, तिखट सहन होत नाही, मग हळूहळू तोंड उघडायचं कमी होतं. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, भारतात याचं वर्णन 1953 मध्ये जोशी नावाच्या डॉक्टरांनी केलेलं आहे, म्हणजे आपल्याकडे हा रोग माहीत होऊन सत्तर वर्षं झाली. खर्रा सोडला तरी झालेलं आकुंचन परत जात नाही. आणि या तोंडात कॅन्सर व्हायचा धोका कितीतरी जास्त.

पीएसीला, म्हणजे भुलीआधीच्या तपासणीला, मी त्याच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजलं, 11 मिलिमीटर. करंगळीसुद्धा जाईना. मलमपट्टी ग्रेड बघायचा प्रश्नच नाही, ती तपासणी तोंड उघडल्याशिवाय होतच नाही. (मलमपट्टी म्हणजे मॅलमपॅटी, तोंड उघडून घशातलं किती दिसतं ते बघायची तपासणी, आमच्या वॉर्डात सगळे असंच म्हणतात. ज्यांच्या नावाने ही तपासणी आहे ते डॉ. शेषगिरी मॅलमपॅटी मूळचे आंध्रातले, बोस्टनला काम करायचे, 1985 चा त्यांचा पेपर आहे.) नाकपुड्या तपासल्या, एकेक दाबून श्वास घ्यायला लावला, उजवी जास्त मोकळी निघाली. मान ठीक वळत होती. आवाज स्वच्छ होता, आडवं झोपल्यावर गुदमरत नव्हता, म्हणजे गाठ खाली घशापर्यंत गेलेली नव्हती, सीटीतही तसंच दिसत होतं.

माझ्याबरोबरचा तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट हुशार मुलगा आहे, हात चांगला आहे त्याचा. तो म्हणाला, मॅडम, भूल देऊन व्हिडिओवर ट्राय करू का, स्नायू सैल झाल्यावर तोंड थोडं जास्त उघडेल. हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच आणि विचारायलाच पाहिजे. दुखण्यामुळे किंवा स्नायू आखडल्यामुळे तोंड बंद असेल तर भूल दिल्यावर उघडतं, हे खरं आहे. पण फायब्रोसिसमध्ये आत घट्ट पट्टे आहेत, त्यांच्यावर भुलीचा काही परिणाम होत नाही, 11 मिमी होतं ते 11 मिमीच राहणार. मग मी त्याला एकेक साधन हातात घेऊन दाखवलं. एअरट्रॅक हे वळणदार लॅरिंगोस्कोप, त्याचा नेहमीचा साइझ, त्याला निदान 18 मिमी तोंड उघडायला पाहिजे, लहान साइझला 16. इंट्युबेटिंग एलएमए, म्हणजे ज्याच्यातून ट्यूबही टाकता येते तो, त्याला 20 च्या आसपास. व्हिडिओचं पातं दातांमधून कसंबसं सरकलंच समजा, तरी त्याच्या बाजूने ट्यूब कुठून नेणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भूल दिल्यावर मास्कने श्वास देता आला नाही तर आपण जे बचावाचं साधन वापरतो, एलएमए किंवा त्याच्याच प्रकारचं आय-जेल, तेसुद्धा या तोंडात जात नाही. म्हणजे प्लॅन ए फसला तर बी पण नाही. असं असताना पेशंटचा चालू असलेला श्वास बंद करायचा नाही. तो स्वतः श्वास घेतोय तोपर्यंत आपल्याकडे वेळ आहे.

म्हणून अवेक फायबर, नाकातून. पेशंट जागा, फक्त थोडा शांत केलेला, नाक घसा स्वरयंत्र बधिर केलेलं आणि लवचीक स्कोपवरून ट्यूब आत. ही पद्धत नवीन नाही, 1967 मध्ये इंग्लंडच्या मर्फी यांनी पित्तनलिका बघायच्या स्कोपने स्टिल्स डिसीज या संधिवाताच्या पेशंटमध्ये नाकातून ट्यूब टाकली होती, तिथून सुरुवात.

आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन त्याच्याशी बोलले. माझ्या मते अवेक फायबरचं अर्धं यश या बोलण्यात असतं, औषध नंतर. तो घाबरलेला होता. दात आवळूनच बोलायचा, तोंड उघडत नाही म्हणून, तरी स्पष्ट म्हणाला, "मॅडम, मले झोप लागल्यावर टाका न जी नळी, जागेपणी नोका टाकू." बायको बाजूला उभी होती, ती म्हणाली, "काहून बा, जागंच ठेवा लागते काय?" मी दोघांनाही खाटेवर बसवलं आणि सांगितलं की झोपवलं आणि तोंड उघडलं नाही तर मला श्वास देता येणार नाही, जागं असाल तर तुमचा श्वास तुमच्याच हातात राहील, आणि दुखणार नाही एवढं बधिर करते, खोकला मात्र येईल, तो आला की घाबरायचं नाही, खोकला म्हणजे नळी बरोबर जागी चाललीय. हात वर केला की मी थांबीन असं कबूल केलं. हे कबूल केलेलं पाळायचं असतं, पेशंटने एकदा हात वर केला आणि आपण थांबलो नाही तर पुढचं सगळं बिघडतं.

सकाळी ग्लायको देऊन तोंड कोरडं केलं, नाही तर लाळेत कॅमेरा बुडतो आणि बधिर करायचं औषध, लिग्नोकेन, तेही धुतलं जातं. नाकात ऑट्रिविनचे थेंब, रक्त येऊ नये म्हणून, कारण फायबरचा सगळ्यात मोठा शत्रू रक्त. वजन 50 किलो, लिग्नोकेनची हद्द किलोला 9 मिलिग्राम धरतात, म्हणजे 450 च्या पलीकडे जायचं नाही, आणि हे बोर्डवर लिहून ठेवायचं. नेब्युलायझरमधून 4 टक्क्यांचं 4 मिली, झाले 160. नाकात 10 टक्क्यांच्या स्प्रेचे पाच पफ, 50. मग गळ्याच्या पुढे, कंठमण्याच्या जरा खाली असलेल्या क्रिकोथायरॉइड पडद्यातून सुई टाकली, हवा ओढली गेली की बरोबर जागा, आणि 4 टक्क्यांचं 3 मिली झपकन सोडलं, 120. तो जोरात खोकला, त्या खोकल्यानेच औषध वर स्वरयंत्रापर्यंत उडतं. बेरीज 330, स्कोपमधून जाता जाता फवारायला अजून थोडी जागा शिल्लक. डेक्समेडेटोमिडिन चालू केलं, त्याने पेशंट गुंगीत असतो पण हाक मारली की डोळे उघडतो आणि श्वास कमी होत नाही. दुसऱ्या नाकपुडीतून ऑक्सिजन. ईएनटीचे सर हात धुऊन उभे, ट्रॅकिओस्टॉमीचा (मानेतून श्वासनलिका उघडायचा) ट्रे उघडलेला, मानेवर मार्किंग केलेलं. हे दिखाव्यासाठी नसतं, त्यांना मी आधीच सांगितलं होतं की मी थांबा म्हटलं की तुमचं सुरू.

टेबल अर्धं उठवून त्याला बसता केला आणि मी समोर उभी राहिले. झोपवून डोक्याकडून करायची सवय बऱ्याच जणांना आहे, मला बसवूनच आवडतं, जीभ आणि मऊ भाग मागे पडत नाहीत आणि पेशंट आपल्या तोंडाकडे बघू शकतो. साडेसहा नंबरची फ्लेक्सोमेटॅलिक, म्हणजे आत तारेचं वेटोळं असलेली ट्यूब गरम सलाईनमध्ये मऊ करून स्कोपवर चढवलेली. नाकातून आत, मागे वळलं की घसा, तिथे जरा फेस होता, सक्शन केलं, "दादा, मोठा श्वास घ्या," म्हटलं की समोरची जागा उघडते, हा जागं असण्याचा अजून एक फायदा, भूल दिलेल्या माणसाचा घसा चपटा पडलेला असतो. एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरचं झाकण, दिसलं, त्याच्या खालून गेले, पांढऱ्या पट्ट्या श्वासाबरोबर उघडतायत मिटतायत. 2 टक्क्यांचं थोडं फवारलं, खोकला, थांबले. रेसिडेंटला म्हटलं स्क्रीनवर बघ आता, मध्यभाग सोडायचा नाही. पट्ट्यांमधून खाली, श्वासनलिकेच्या कड्या दिसल्या आणि मग कॅरिना, जिथे नळीचे दोन फाटे होतात.

इथपर्यंत सगळ्यांना आवडतं. खरी अडचण पुढे असते. स्कोप श्वासनलिकेत आहे, आता त्याच्यावरून ट्यूब सरकवायची, आणि ती आत जाताना दिसत नाही, कारण कॅमेरा पुढे आहे. ट्यूबचं टोक बहुतेक वेळा उजव्या अरिटिनॉइडवर, म्हणजे स्वरयंत्राच्या मागच्या कूर्चेवर, अडतं. अडली. जोर लावला असता तर स्कोप बाहेर आला असता किंवा स्वरयंत्राला इजा झाली असती. एक सेंटिमीटर मागे घेतली, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा दिला आणि परत सोडली, गेली. तो खोकला, डोळ्यांतून पाणी आलं, पण हात वर केला नाही. ट्यूबच्या टोकापासून कॅरिना बघितली, सर्किट जोडलं, कॅप्नोग्राफवर, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला वायू मोजणाऱ्या यंत्रावर, कार्बन डायऑक्साइडचे चौकोनी ठोकळे एकामागून एक आले, तेव्हा भुलीचं औषध, प्रोपोफॉल, दिलं. सिस्टर त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या सगळा वेळ.

रेसिडेंट म्हणाला, मॅडम, मी हे अजून स्वतः एकदाही केलेलं नाही. तिसरं वर्ष संपत आलेलं आहे त्याचं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, त्याच्यासाठी नाही, आमच्या सगळ्यांसाठी. व्हिडिओ आल्यापासून कठीण पेशंट दिसला की हात तिकडेच जातो, दहातल्या नऊ वेळी काम होतं, आणि फायबर कपाटात पडून राहतो, मग दहावा येतो तेव्हा ओटीत तो चालवणारा कोणी नसतो. आमच्या कपाटातल्या स्कोपच्या चित्रात काळे ठिपके आहेत, ते तुटलेले तंतू, कोणीतरी कधीतरी जास्त वाकवून पेटीत कोंबलेला. ब्रिटनमध्ये 2011 साली एअरवेच्या गंभीर घटनांचा देशव्यापी अहवाल निघाला, त्याला नॅप 4 म्हणतात, त्यातसुद्धा हेच आलं होतं की अवेक फायबर करायला हवं होतं अशा बऱ्याच पेशंटमध्ये ते केलं गेलं नाही.

दुसरी केस लॅप कोलेची, म्हणजे खडे झालेलं पित्ताशय दुर्बिणीतून काढायची. काकू पन्नाशीच्या, 92 किलो, मान आखूड, हनुवटी आत. तोंड मात्र छान उघडायचं. उशा आणि चादरींचा उतार करून कान आणि छातीचं हाड एका रेषेत आणलं, ऑक्सिजन व्यवस्थित भरला, भूल दिली, मास्कने श्वास सहज देता येत होता, म्हणजे घाई नव्हती. रेसिडेंटने मॅकने बघितलं, नुसतं एपिग्लॉटिसचं टोक, पट्ट्या अजिबात नाहीत. त्याने बाहेर काढून लगेच मास्क धरला, हे मला आवडलं, आणि मग व्हिडिओचं जास्त वळणाचं पातं घातलं, आमच्याकडे सी-मॅकचं डी-ब्लेड आहे. स्क्रीनवर दोन्ही पट्ट्या एकदम समोर, पुस्तकातल्या चित्रासारख्या. आणि ट्यूब जाईना. परत परत खाली मागच्या बाजूला वळायची.

हे व्हिडिओचं वैशिष्ट्य आहे आणि नवीन मुलांना याचाच धक्का बसतो. कॅमेरा कोपऱ्यापलीकडचं दाखवतो, पण ट्यूबला तो कोपरा वळूनच जायला लागतं. मॅकमध्ये दिसलं म्हणजे रस्ता सरळ आहे, व्हिडिओमध्ये दिसलं म्हणजे फक्त दिसलं. 2001 मध्ये कॅनडाच्या पेसी नावाच्या सर्जननी ग्लाइडस्कोप हा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणला, त्याच्याबरोबर स्टायलेट, म्हणजे ट्यूबच्या आत घालायची कडक वळणाची तार, देतात ती याचसाठी. मी त्याला म्हटलं, स्टायलेट पात्याच्या वळणाएवढीच वाकव, आणि आता पातं थोडं मागे घे. तो म्हणाला, मॅडम मागे घेतलं तर व्ह्यू खराब होईल. होऊ दे. पातं खोल खुपसून स्वरयंत्र स्क्रीनभर आणलं की ते वर उचललं जातं आणि कोन अजून कठीण होतो, अर्ध्याच पट्ट्या दिसतील इतकं मागे आलं की ट्यूबला जागा मिळते. आणि ट्यूब तोंडात घालताना स्क्रीनकडे नाही, तोंडाकडे बघायचं, टोक जिभेच्या मागे गेलं की मग स्क्रीन, नाही तर टाळूला भोक पडल्याच्या घटना लिहिलेल्या आहेत. त्याने तसं केलं, टोक पट्ट्यांमध्ये गेलं, स्टायलेट थोडी मागे ओढली आणि ट्यूब उतरली. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, 97 च्या खाली गेलं नाही. या काकूंना फायबर काढायची काही गरज नव्हती, आणि मॅकवर आम्ही झगडत बसलो असतो तर गळा सुजला असता.

संध्याकाळी मी निघायच्या तयारीत होते तेव्हा कॅज्युअल्टीतून फोन आला. हायवेवर टू-व्हीलर ट्रकला मागून धडकलेली, हेल्मेट नाही, तरुण मुलगा, जबडा आणि चेहऱ्याची हाडं मोडलेली, शुद्ध नाही, तोंडातून रक्त वाहतंय, सॅच्युरेशन 84. मी आणि तोच रेसिडेंट धावतच गेलो. व्हिडिओ त्याने बरोबर आणला होता, या वेळी साध्या वळणाचं पातं लावून, मीच तसं सांगितलं होतं, ते का ते पुढे येईल.

सुरू करायच्या आधी मी मानेवर बोट ठेवून क्रिकोथायरॉइड पडदा शोधला आणि पेनाने खूण केली. 10 नंबरचं ब्लेड, बूजी आणि 6 नंबरची ट्यूब ट्रॉलीवर काढून ठेवली. असा चेहरा असेल तर ट्यूब गेली नाही तर मास्कही बसणार नाही, त्यामुळे मानेची वाट आधीच डोक्यात तयार पाहिजे, त्या क्षणी ठरवायला बसलं तर हात चालत नाहीत. कॉलर पुढून उघडली, सर्जरीच्या इंटर्नने डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली. भुलीला केटामाइन, स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन, सक्शन चालू.

पातं आत गेलं आणि स्क्रीन लाल. सक्शन केलं, अर्धा सेकंद काहीतरी दिसलं, परत लाल. लेन्सवर रक्ताचा थेंब बसला की व्हिडिओ संपला, फायबर तर तिथे काढायचा विचारही करायचा नाही. मी म्हटलं, स्क्रीन सोड, तोंडात बघ. पातं साध्या मॅकच्या आकाराचं असलं की हे करता येतं, कॅमेरा आंधळा झाला तरी ते जुनं लॅरिंगोस्कोप म्हणून काम करतं, जास्त वळणाच्या पात्यात सरळ बघायची सोयच नसते. म्हणून कॅज्युअल्टीत मी ते नेऊ देत नाही. जाड यांकॉर सक्शन तोंडाच्या डाव्या बाजूला आत ठेवूनच दिलं, रक्त भरतच होतं त्यामुळे काढायचं नाही. त्याला एपिग्लॉटिसची कड दिसली, बाकी काही नाही. "बूजी," तो म्हणाला, आणि ती मी त्याच्या हातात आधीच धरली होती.

बूजी म्हणजे साठ सेंटिमीटरची लवचीक कांडी, टोक जरा वर वाकवलेलं, तेवढंच. हीसुद्धा मॅकिंटॉश यांनीच 1949 मध्ये सुचवली होती. किंमत काही शे रुपये. एपिग्लॉटिसच्या खालून टोक वर ठेवून मधल्या रेषेत सोडायची, आणि मग डोळ्यांनी बघायचं नाही, बोटांना काय लागतं ते ओळखायचं. श्वासनलिकेत असेल तर कड्यांवरून घासत जाताना टकटक जाणवतं, आणि तीस-पस्तीस सेंटिमीटरवर जाऊन अडते. अन्ननलिकेत गेली तर काही न लागता सरळ जातच राहते. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याला कड्या लागल्या. "मॅडम, लागतंय. अडली." पातं काढू नको, मी म्हटलं, जीभ उचललेलीच ठेव, आणि 7 नंबरची ट्यूब त्याच्यावरून सरकवली, तीही जराशी अडली, तोच पाव फेरा उलट्या दिशेने, गेली. बूजी काढली, कफ, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा, फुगवला. कॅज्युअल्टीत कॅप्नोग्राफ नाही, म्हणून ओटीतला पोर्टेबल आम्ही बरोबर उचलून आणला होता, त्यावर लाट आली. सॅच्युरेशन 79 पर्यंत गेलं होतं, ते 90, 94, 98 असं वर आलं. तो मुलगा सीटीला गेला, पुढे न्यूरोसर्जरीकडे गेला.

रात्री घरी जाऊन मी टिपणी परत लिहायला घेतली. तुलनेचा तक्ता नेहमी डाव्या बाजूला साधनं आणि वर टक्केवारी असा करतात. मी तो फिरवला. डावीकडे अडचण कुठे आहे ते लिहिलं. तोंडच उघडत नाही, तिथे नाकातून फायबर, बाकी रकाने रिकामे. तोंड उघडतं पण रेषा मिळत नाही, तिथे व्हिडिओ आणि त्याच्याबरोबर स्टायलेट, स्टायलेट नसलेला व्हिडिओ घ्यायचा नाही असं अधोरेखित केलं. रक्त किंवा उलटी, तिथे मोठं सक्शन, मॅकच्या आकाराचं पातं आणि बूजी. ट्यूब जात नाही पण तोंड उघडतं, तिथे आय-जेल, म्हणजे आधी ऑक्सिजन पोचवा, ट्यूबचं नंतर बघू. एलएमएचा शोध ब्रिटनच्या आर्ची ब्रेन यांनी 1981 मध्ये लावला त्याने किती जीव वाचले असतील याची गणती नाही. आणि शेवटची ओळ, काहीच जात नाही, तिथे ब्लेड, बूजी, 6 नंबरची ट्यूब, प्रत्येक ओटीत आणि कॅज्युअल्टीत भिंतीवर टांगलेली. आपल्या देशाच्या एअरवे असोसिएशनच्या 2016 च्या गाइडलाइन्सही क्रम असाच लावतात, प्रत्येक पायरीवर विचारतात की ऑक्सिजन जातोय का.

मागणीत मी सगळ्यात वर कॅज्युअल्टी आणि आयसीयूसाठी कॅप्नोग्राफ टाकले. एचओडी सर म्हणाले, हे एअरवे डिव्हाइस कुठे आहे. सर, मी म्हटलं, ट्यूब कुठे आहे ते तेच सांगतं. नॅप 4 मध्ये आयसीयूतल्या मृत्यूंच्या मागे कॅप्नोग्राफ नसणं हे मोठं कारण निघालं होतं. सरांनी ते ठेवलं. त्याच्याखाली बूजी भरपूर, मग फायबरची दुरुस्ती आणि काही डिस्पोजेबल स्कोप, मग एक व्हिडिओ. आधीच्या मसुद्यात व्हिडिओ पहिला होता.

आणि एक गोष्ट मागणीत लिहिता येत नाही ती विभागात ठरवून घेतली. आठवड्यातून एक दिवस, ज्यांना तसंही नाकातून ट्यूब लागणार आहे अशा दातांच्या आणि जबड्याच्या साध्या पेशंटमध्ये, परवानगी घेऊन, भूल दिल्यावर फायबरने ट्यूब टाकायची, रेसिडेंटने, शेजारी सीनियर. नॉर्मल पेशंटमध्ये हात बसला तर अवघड पेशंटमध्ये चालेल. काही सर्जन लोकांनी वेळ जातो म्हणून कुरकुर केली, ती मी ऐकून घेतली पण दिवस बदलला नाही.

खर्र्याच्या त्या पेशंटचं ऑपरेशन बराच वेळ चाललं. फ्लॅप (काढलेल्या जागी लावायचं शरीराच्या दुसऱ्या भागातलं मांस) बसवलेला, तोंडात सूज, त्यामुळे ट्यूब रात्रभर तशीच ठेवली. ट्यूब काढणंही टाकण्याइतकंच जोखमीचं असतं, नॅप 4 मध्येच जवळपास एक तृतीयांश घटना भूल उतरवताना किंवा रिकव्हरीत झालेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्ण जागा, ट्यूबचा कफ रिकामा केल्यावर बाजूने हवा जात होती, ईएनटीचे सर परत उभे, तेव्हा ट्यूबमधून एअरवे एक्स्चेंज कॅथेटर, एक बारीक लांब नळी, सोडून मग ट्यूब काढली, म्हणजे परत टाकायची वेळ आली तर रस्ता धरून ठेवलेला. अर्ध्या तासाने तोही काढला. तो खुणेने पाणी मागत होता, बायको म्हणाली, "बोलाचं नाही म्हणते न जी डॉक्टर," आणि स्वतःच रडायला लागली.

डिस्चार्जच्या दिवशी आम्ही त्याला एक कार्ड दिलं, मराठीत एका बाजूला आणि इंग्रजीत दुसऱ्या बाजूला. तोंड 11 मिमी उघडतं, भूल देऊन ट्यूब टाकायचा प्रयत्न करू नये, उजव्या नाकपुडीतून जागेपणी फायबरने साडेसहा नंबरची ट्यूब गेली, अरिटिनॉइडवर अडली, उलट्या दिशेने फिरवल्यावर गेली, मास्कने श्वास देऊन बघितलेला नाही. कुठल्याही गावात, कुठल्याही दवाखान्यात, दात काढायचा असला तरी हे आधी दाखवायचं असं दोघांना सांगितलं, आणि लॅमिनेट करून रेशनकार्डासोबत ठेवा म्हटलं. त्याला पुढे रेडिएशन होणार आहे. त्याने तोंड आणि मान अजून कडक होतात, आज जे साधन चाललं ते सहा महिन्यांनी चालेलच असं नाही, म्हणून कार्डावर तारीख टाकली आणि खाली लाल पेनने लिहिलं, रेडिएशननंतर एअरवे परत तपासणे.